गाडी वळताना कण्हते ती कुठून?

वळताना येणारा आवाज शोधणं हे गाडीच्या कामातलं फार किचकट काम. सरळ रस्त्याला गाडी गप्प. गॅरेजच्या दारात उभी केली की गप्प. मिस्त्री शेजारी बसून चौकापर्यंत चक्कर मारून आला तरी गप्पच, कारण तेवढ्यात गाडी नीट गरम होत नाही आणि स्टेअरिंग पूर्ण काटायची, म्हणजे टोकापर्यंत वळवायची, वेळही येत नाही. त्यात गाडी चारही चाकांना ताकद देणारी असली, की पुढच्या एक्सलवर, म्हणजे चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यांवर, संशय घेऊन थांबता येत नाही. मागेही तितकंच सामान फिरत असतं. माझ्या गाडीचा आवाज शोधताना जे जे करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे. साताऱ्याच्या डोंगराकडच्या गावांत अशा गाड्या आता बऱ्याच दिसतात, आणि त्यांच्या मालकांना पहिल्याच भेटीत भलामोठा खर्च सांगितला जातो, हे मी जवळून पाहिलं आहे.

मी जनावरांची डॉक्टर. घर शाहूपुरीत, पण काम बरंचसं यवतेश्वरच्या वर, कास-बामणोलीच्या अंगाला, आणि मेढ्याच्या बाजूला. पावसाळ्यात डांबरी रस्ता सोडून गोठ्यापर्यंत जाणारी वाट म्हणजे तांबडा चिखल आणि त्यावरून वाहणारं पाणी. म्हैस अडली की रात्री दोनलाही निघावं लागतं, आणि तिथं गाडी रुतली म्हणून उशीर झाला असं सांगून भागत नाही. म्हणून मी २००४ सालची होंडा सीआर-व्ही घेतली, अर्थात जुनी. चारही चाकं ओढणारी, पेट्रोलवरची, गुपचूप काम करणारी गाडी. चिखलात पुढची चाकं फिरायला लागली की मागची आपोआप हात देतात. कुठला दांडा ओढायचा नाही, कुठलं बटण दाबायचं नाही.

आवाज सुरू झाला तो पावसाळा सरताना. घाट उतरून घरी आले आणि अंगणात गाडी लावताना स्टेअरिंग पूर्ण काटलं, की मागून घर्रर्र असा कण्हल्यासारखा आवाज यायचा. नुसता कानाला नाही, पायाखालच्या पत्र्यालाही जाणवायचा; गाडी कुणीतरी मागून धरून ठेवली आहे असं वाटायचं. घाट चढताना मात्र वेगळंच. उजव्या वळणावर ॲक्सिलरेटर दाबला की टक-टक-टक, गाडीच्या वेगाबरोबर जलद होत जाणारं. सुरुवातीला मला हे एकाच दुखण्याचे दोन सूर वाटत होते.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. त्यांनी ती वर घेतली, चाकं हलवून पाहिली आणि कागदावर लिहून दिलं: पुढचे दोन्ही एक्सल, दोन्ही पुढचे व्हील बेअरिंग, आणि स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग) तोही बघावा लागेल. आकडा पाहून मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. पैशांपेक्षा मला खटकली ती दुसरीच गोष्ट. आवाज कधी येतो, गरम गाडीत येतो की थंड, ॲक्सिलरेटर सोडल्यावर राहतो की जातो, यातलं एकही मला कुणी विचारलं नव्हतं. माझा भाचा आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स करतो. तो कागद वाचून म्हणाला, "मावशी, यात मागच्या डिफरन्शियलचं नावच नाही. आवाज मागून येतो म्हणतेस ना तू?" डिफरन्शियल म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची पेटी.

मग आम्ही दोघांनी ठरवलं की आधी आवाजाचीच नीट नोंद करायची. मला केसपेपर लिहायची सवय आहेच. डॅशबोर्डवर वही ठेवली आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या ठरवल्या: गाडी थंड की गरम, वळण डावं की उजवं, वेग किती, आणि पाय ॲक्सिलरेटरवर होता की नाही. हे आठवडाभर सुद्धा करावं लागलं नाही. वहीचं पान भरायच्या आतच दोन आवाज वेगळे झाले.

कण्हण्याचा आवाज सकाळी गाडी बाहेर काढताना कधीच येत नव्हता. दहा-बारा किलोमीटर चालल्यावर यायचा, अगदी हळू वेगात, स्टेअरिंग पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण काटलेलं असताना. डावं वळण, उजवं वळण, दोन्हीकडं सारखा. टकटक मात्र थंड गाडीतही होती, फक्त उजव्या वळणाला, आणि फक्त इंजिन ओढत असताना. एवढ्यावरून वर्कशॉपच्या कागदातल्या निम्म्या ओळी गळून पडल्या.

बाकीच्या तपासण्या आम्ही एका रविवारी सकाळी, गर्दी नसताना, एका मोकळ्या मैदानावर आणि मग लोणंदच्या रस्त्याला केल्या. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सोप्यापासून सुरुवात केली की पुढचं काम कमी होत जातं.

पहिली तपासणी गाडी जागेवर उभी करून. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, आणि स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. पॉवर स्टेअरिंगचा पंप खराब असेल किंवा त्यातलं तेल कमी असेल तर इथंच तो विव्हळतो. पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या माउंटमधलं बेअरिंग गेलं असेल तर कटकन स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येतो आणि बॉनेटखाली हात ठेवला तर हाताला कळतो. आमच्याकडं काहीच आलं नाही. अगदी टोकाला स्टेअरिंग नेऊन धरल्यावर पंपाचा थोडा सूं असा आवाज येणं अशा तेलाच्या पंपाच्या स्टेअरिंगमध्ये नेहमीचंच, ते दुखणं नाही. फक्त तिथं जास्त वेळ धरून ठेवू नये, पंपावर ताण येतो. चाकं जमिनीवर न फिरता आवाज आला नाही, म्हणजे आवाज फिरणाऱ्या सामानाचा, हे नक्की झालं. स्टेअरिंग रॅकचं नाव मी वहीत खोडलं.

दुसरी तपासणी व्हील बेअरिंगची. बेअरिंग गेलं की ते सरळ रस्त्यालाही गुणगुणतं, वेगाबरोबर चढतं, आणि साधारण साठच्या पुढं स्पष्ट ऐकू येतं. रस्ता पूर्ण मोकळा असताना गाडी हलकेच डावीकडं-उजवीकडं झुलवली की वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जातं. गाडी उजवीकडं वळवली की वजन डाव्या चाकांवर येतं, आणि तेव्हा गुणगुण वाढली तर डावं बेअरिंग बघायचं. आमच्या गाडीत साठ-सत्तरला टायरचा नेहमीचा आवाज सोडून काही नव्हतं, आणि झुलवून त्यात फरकही पडला नाही. बेअरिंगही खोडली.

मग मैदानावर गोल फिरणं. स्टेअरिंग पूर्ण काटून, पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं. भाचा आधी मागच्या सीटवर बसला, मग सीट दुमडून अगदी मागं, आणि नंतर उतरून गाडीच्या बाजूनं चालला. गाडीच्या आत आवाज पत्र्यातून पसरतो, त्यामुळं मागचा आवाज बाजूचा वाटतो आणि पुढचा मागचा. बाहेर चालणाऱ्या माणसाचा कान जास्त खरा. तो दोन फेऱ्या चालला आणि हात करून सांगितलं: टकटक पुढच्या डाव्या चाकात, घर्रर्र मागच्या दोन चाकांच्या मधोमध, खाली.

यानंतरची तपासणी मला सगळ्यांत उपयोगी वाटली. गोल फिरतानाच क्लच दाबून गाडी न्यूट्रलला सोडली. टकटक त्या क्षणी थांबली. कण्हणं मात्र तसंच राहिलं, फक्त गाडी लवकर थांबायला लागली. यातला फरक समजला की अर्धं काम झालं. टकटक इंजिनच्या ओढीवर येते, म्हणजे ती ताकद चाकापर्यंत पोचवणाऱ्या जॉइंटची. कण्हण्याला इंजिनची ओढ लागतच नाही. त्याला लागतो फक्त पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक.

हा फरक कसा पडतो ते मैदानावरच्या ओल्या मातीत आम्हाला सरळ दिसलं. गाडी पूर्ण काटून फिरवली की पुढच्या चाकांचे वण बाहेरच्या वर्तुळावर आणि मागच्यांचे आतल्या वर्तुळावर उमटतात. खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात धरून मळणी चालायची तेव्हा तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पावलं टाकायचा आणि कडेचा बैल चालून चालून दमायचा, तसंच हे. भाच्यानं वहीत हिशेब मांडला. पुढच्या आणि मागच्या चाकांत चांगलं २.६ मीटर अंतर आहे, आणि गाडी साधारण सव्वापाच मीटर त्रिज्येत वळते. एवढ्या छोट्या वर्तुळात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा सरासरी वीस टक्क्यांहून जास्त फिरावं लागतं. पुढं-मागं जोडणारा दांडा जर पूर्ण पक्का जखडलेला असेल, तर हे जास्तीचं फिरणं जाणार कुठं? टायर घासणार, नाहीतर मधलं सामान ताण खाणार.

थार किंवा जिप्सी चालवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. त्या गाड्यांत फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना जखडला जातो, मध्ये सूट देणारं डिफरन्शियल नसतं. चिखलात, वाळूत टायर जरासे घसरतात आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून यू-टर्न मारला तर गाडी अडखळते, धक्के देते, कटकन आवाज करते. तो बिघाड नव्हे, ती त्या रचनेची मर्यादा आहे. टू-व्हीलला आणलं की संपलं. पण ज्या गाडीत चारही चाकांचं काम आपोआप होतं, तिनं कोरड्या डांबरावर असं करणं बरोबर नाही.

माझ्या गाडीत ही सूट देण्याचं काम मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेला क्लच करतो; पायानं दाबतो तो नव्हे, हा वेगळा. रचना मला फार देखणी वाटली. आत तेलाचे दोन पंप आहेत. पुढचा पंप प्रोपेलर शाफ्टवर, पुढून मागं ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर, फिरतो, म्हणजे पुढच्या चाकांच्या वेगानं. मागचा पंप मागच्या चाकांच्या वेगानं. दोन्ही वेग सारखे असले की एक पंप ढकलतो ते तेल दुसरा ओढून घेतो, दाब तयारच होत नाही, आणि गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते. पुढची चाकं चिखलात गरगर फिरायला लागली की पुढचा पंप जास्त तेल ढकलतो, उरलेल्या तेलाचा दाब क्लचच्या पट्ट्यांवर येतो, पट्ट्या चिकटतात आणि मागची चाकं ओढायला लागतात. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, सगळं तेलाच्या दाबावर. मागचा पंप पुढच्यापेक्षा अडीच टक्के मोठा ठेवलेला असतो, म्हणजे साध्या वळणावर किंवा पुढचे टायर थोडे झिजले असताना क्लच उगाच लागू नये.

पण पूर्ण काटलेल्या वळणात फरक वीस टक्क्यांचा. तिथं थोडा दाब येतोच आणि पट्ट्या एकमेकींवर थोड्या घासतात. त्या गुळगुळीत घसराव्यात म्हणून तेलात खास रसायन घातलेलं असतं. तेल जुनं झालं की ते रसायन संपतं, आणि मग पट्ट्या घसरण्याऐवजी धरतात-सोडतात, धरतात-सोडतात. सेकंदाला कितीतरी वेळा. तोच तो घर्रर्र आवाज. तेल गरम झाल्यावर हे जास्त होतं, म्हणून सकाळी गाडी गप्प असायची.

हा तर्क पक्का करायला एक शेवटची गोष्ट केली. गाडी गरम असतानाच मैदानाच्या कडेच्या ओल्या गवतावर नेली आणि तसंच गोल फिरवलं. कण्हणं जवळजवळ गेलं. टायर गवतावर सरकले, ताण तिथंच सुटला. टकटक मात्र गवतावरही तशीच.

आता गाडी वर घेऊन खालून बघायची होती. त्यासाठी जुन्या एमआयडीसीतल्या एका मिस्त्रींकडं गेलो. त्यांच्याकडं रॅम्प नाही, खड्डा आहे, पण चाळीसेक वर्षांचा हात आहे. मी वही पुढं केली. त्यांनी ती बाजूला ठेवली नाही, चष्मा काढून पुसला, आणि अंगठ्यानं ओळ धरून पहिल्यापासून वाचली. मग म्हणाले, "मॅडम, ही अशी टिपणं आणणारं गिऱ्हाईक मी पयल्यांदाच बघतोय. फुडचा आवाज येगळा आन् मागचा येगळा, बराबर हाय तुमचं. एका पैशात दोन दुखनी न्हाय बरी व्हायची."

खड्ड्यात उतरून त्यांनी पुढचं डावं चाक हातानं फिरवलं. एक्सलच्या बाहेरच्या टोकाला, चाकाच्या आतल्या बाजूला, घडीघडीचा रबरी बूट असतो. त्याच्या दुसऱ्या घडीला बोटभर चीर होती. त्यातून उडालेलं काळं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला पट्ट्यासारखं बसलं होतं, आणि वर तांबडी माती चिकटून त्याचं खरकागद झालेलं. मिस्त्रींनी चिमटीत थोडं ग्रीस घेऊन मला दिलं. बोटांत चोळलं तर मऊ लागायला हवं होतं. कचकच लागलं, दाताखाली वाळू यावी तशी खरखर. कासच्या अंगाला वाटेच्या कडेनं तोडलेल्या कारवीचे टोकदार बुडखे असतात, आणि आपल्याकडं कडेला राहते ती गाडीची डावी बाजू. बूट त्यातच कुठंतरी फाटला असावा.

या जॉइंटमध्ये सहा गोट्या असतात, वाकलेल्या खाचांतून फिरणाऱ्या. चाक वळलेलं असतानाही ताकद एकसारखी पोचवायची म्हणून ही रचना. बूट शाबूत आणि ग्रीस स्वच्छ असेल तर जॉइंट वर्षानुवर्षं चालतो. बूट फाटला की ग्रीस जातं, माती येते, खाचांना खळगे पडतात, आणि वळलेल्या स्थितीत भार आला की गोटी खळग्यात टक करते. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट बोलतो, कारण भार त्याच्यावर जास्त असतो. उजव्या वळणाला डावा. आमच्या वहीशी हे तंतोतंत जुळलं. उजव्या बाजूचा बूट धडधाकट होता, म्हणजे दोन्ही एक्सल बदलायचं कारणच नव्हतं. बूट वेळेत दिसला असता, आवाज सुरू व्हायच्या आधी, तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागलं असतं. टकटक सुरू झाल्यावर जॉइंटच बदलावा लागतो.

मागची बाजू मिस्त्रींनी त्याहून जास्त वेळ पाहिली. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, हातानं पिळून पाहिले, खुळखुळत नव्हते. मधलं बेअरिंग आणि त्याचं रबर ठीक. डिफरन्शियल ज्या रबरी बुशांवर टांगलेलं असतं तेही चिरलेले नव्हते. ते गेले की गिअर टाकताना किंवा वळताना धप्प असा आवाज येतो, कण्हल्यासारखा नाही. मी विचारलं, प्रोपेलर शाफ्ट उतरवून फक्त पुढच्या चाकांवर गाडी फिरवून बघायची का? आवाज गेला तर दोष मागचाच, हे शंभर टक्के सिद्ध होईल. त्यांनी मान हलवली. "तेवढी मेहनत कशापायी? तेल बदलायचं हाय ते हायच. त्येच तपासनी."

मला हे पटलं. तेल तसंही बदलायला आलेलंच होतं. गाडीबरोबर मिळालेल्या जुन्या बिलांत मागच्या डिफरन्शियलच्या तेलाचा उल्लेख कुठंच नव्हता. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळं वेळेवर. मागचं डिफरन्शियल मात्र लोक विसरतात, कारण गाडी दिसायला पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसारखीच असते.

तेल कुठलं घालायचं हा इथला कळीचा प्रश्न. या डिफरन्शियलमध्ये बाजारातलं नव्वद नंबरचं गिअर ऑइल चालत नाही. त्यात क्लचच्या पट्ट्यांसाठी लागणारं रसायन नसतं, आणि ते घातलं तर आवाज आहे त्याहून वाढतो. याचं तेल वेगळं, ड्युअल पंप फ्लुइड नावानं मिळतं. आमच्याकडं तयार नव्हतं, मागवावं लागलं. साधारण एक लिटर लागतं. दुसऱ्या गाड्यांत रचना वेगळी असते. डस्टरच्या चारही चाकं ओढणाऱ्या मॉडेलात मागची चाकं जोडणारं कप्लिंग विजेच्या चुंबकानं लागतं, स्कोडाच्या यती फोर-बाय-फोरमध्ये हाल्डेक्स नावाचं कप्लिंग आहे आणि त्याचं स्वतःचं वेगळं तेल असतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ज्या तेलाचं नाव असेल तेच, एवढं मात्र सगळीकडं सारखं.

तेल बदलताना मिस्त्रींनी एक गोष्ट दाखवली ती मी जन्मभर लक्षात ठेवीन. आधी वरचा, भरायचा नट उघडायचा. खालचा, सोडायचा नट नंतर. वीस वर्षांत न उघडलेला वरचा नट जाम झालेला असू शकतो. तेल सोडून बसलात आणि वरचा नट निघालाच नाही, तर रिकामं डिफरन्शियल घेऊन गाडी जागेवरच. आमचाही नट हट्टी होता. त्याला चौकोनी खाच असते, रॅचेट सरळ त्यातच बसतं, पाना लागत नाही. गंजनाशक मारून, थांबून, पुन्हा दांडा लावून पाइप चढवल्यावर तो कर्र करून सुटला.

खालून आलेलं तेल काळं होतं आणि जळकट वास येत होता. मिस्त्रींनी ते कागदावर घेऊन उन्हात धरलं, बोटानं पसरवलं. क्लचच्या पट्ट्यांची बारीक काळी भुकटी होती, पण चमकणारे लोखंडाचे खवले नव्हते. खवले असते तर गिअर किंवा बेअरिंग गेलं म्हणायचं आणि काम वाढायचं. दोन्ही नटांची वॉशर नवी घातली. गाडी सपाट उभी करून वरच्या भोकातून तेल बाहेर यायला लागेपर्यंत नवं तेल भरलं.

लगेच आवाज गेला का? नाही गेला. कमी झाला. मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलं होतं की नवं तेल पट्ट्यांच्या मध्ये शिरायला हवं. त्यासाठी मोकळ्या जागेत गाडी इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवायची, पूर्ण काटून, सावकाश, दोन्हीकडं. आम्ही पुन्हा त्याच मैदानावर गेलो. फेरीगणिक कण्हणं बारीक होत गेलं आणि शेवटी फक्त एखाद्या वेळी पत्र्याला हलकी थरथर जाणवायची. पट्ट्यांत अडकलेलं जुनं तेल एका वेळी पूर्ण निघत नाही, म्हणून थोडे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तेल बदललं. दुसऱ्या वेळी निघालेलं तेल चहाच्या रंगाचं होतं. त्यानंतर आवाज आलेला नाही, मेढ्याहून भर उन्हात येऊन अंगणात गाडी लावतानाही नाही.

डावा जॉइंट त्याच आठवड्यात बदलला. नवा जॉइंट घालताना त्याच्याबरोबर येणारं काळसर मॉलिब्डेनमचं ग्रीसच घालायचं आणि पिशवीतलं सगळं घालायचं, साधं चासिस ग्रीस नाही. दोन्ही कामांचा मिळून खर्च वर्कशॉपच्या कागदावरच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी आला. मला राग त्या आकड्याचा नाही. रॅक, बेअरिंग, एक्सल, सगळं बदलूनही मागचं कण्हणं तसंच राहिलं असतं, आणि मग पुढचा कागद डिफरन्शियल बदलायचा आला असता, याचा आहे. क्लचच्या पट्ट्या तोवर खरंच जळून गेल्या असत्या.

टायरचंही सांगायला हवं, कारण ते माझ्या गाडीत कारण नव्हतं पण सहज होऊ शकलं असतं. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले लागतात. माझ्या टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर. पुढचा टायर चार मिलिमीटर झिजला तर व्यास आठ मिलिमीटर कमी होतो, म्हणजे सव्वा टक्का. मागच्या पंपाला दिलेल्या अडीच टक्क्यांच्या सवलतीतली निम्मी इथंच संपली. पैसे वाचवायला दोनच नवे टायर घेऊन मागं टाकले आणि पुढं अगदी गुळगुळीत ठेवले, तर ती सवलत जवळजवळ सगळी संपते आणि साध्या वळणालाही क्लच अर्धवट लागून तापत राहतो. पुढचे टायर नेहमी जास्त झिजतात, म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागं आणि मागचे पुढं करून घेते.

आणखी दोन गोष्टी, जिवाच्या. अशी गाडी पुढची दोनच चाकं जॅकवर उचलून, इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून आवाज ऐकायला कधीही जाऊ नये. पुढची चाकं फिरली की मागची आपोआप ओढायला लागतात आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढं येते. ऐकायचंच असेल तर चारही चाकं जमिनीपासून सुटलेली आणि गाडी भक्कम घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, हवी. तसंच गाडी बंद पडली तर पुढची चाकं उचलून, मागची फरफटत ओढून नेणाऱ्या क्रेनला हात जोडून नको म्हणायचं. पूर्ण गाडी वर घेणारा ट्रक मागवायचा. घाटात रात्री थांबायला लागलं तरी चालेल.

मिस्त्रींनी दाराच्या आतल्या खांबावर स्टिकर लावून त्यावर मार्करनं मागच्या तेलाची तारीख आणि किलोमीटर लिहून दिले आहेत. भाच्याला त्यांनी सुट्टीत कामाला यायला सांगितलं आहे. तो जातो. परवा त्यांच्याकडं एक डस्टर आली होती, डावीकडं वळताना मागून गुरगुरणारी. मालकाला खड्ड्याशी उभं करून भाच्यानं आधी विचारलं, "काका, गाडी गरम असताना येतो का सकाळी पण?" मालकाला सांगता येईना, तेव्हा वही देऊन गाडीसकट परत पाठवलं. चार दिवसांनी ते टिपणं घेऊन आले. आवाज सरळ रस्त्यालाही होता आणि उजवीकडं झुलवलं की कमी व्हायचा. उजवं मागचं बेअरिंग निघालं.